लोलकापाशी किती वेळ थांबायचे?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरल्या की सहलीचा विषय निघतो आणि त्याच्या पाठोपाठ एक वाद दरवर्षी नव्याने सुरू होतो. गेल्या वर्षी एका माध्यमिक शाळेच्या पालकसभेत तो मी जवळजवळ दीड तास ऐकला. सातवीची सहल विज्ञान केंद्रात न्यावी, असा शाळेचा प्रस्ताव होता. काही पालकांचे म्हणणे पडले की तिथे मुले नुसती बटणे दाबत धावतात, शिकत काहीच नाहीत. त्यापेक्षा एखादा किल्ला दाखवावा, निदान इतिहास तरी कळेल. दुसऱ्या बाजूचे पालक तितक्याच तावातावाने सांगत होते की अशा सहलीने विज्ञानाची गोडी लागते, पुढे स्पर्धा परीक्षांना उपयोग होतो, आणि सहलीत एखादी प्रश्नावली सोडवून घेतली तर वेळ वाया गेला असे कुणीच म्हणणार नाही. शेवटी तोडगा निघाला: विज्ञान केंद्रात जायचे, प्रत्येकाच्या हाती वीस प्रश्नांचा कागद द्यायचा आणि दोन तासांत सगळी दालने पुरी करायची. मी अस्वस्थ होऊन घरी आलो, कारण एकमेकांशी भांडणाऱ्या या दोन्ही बाजूंच्या हाती माप एकच होते. मूल तिथून किती माहिती घेऊन बाहेर पडते, एवढेच दोघेही मोजत होते.

सव्वीस वर्षे विज्ञान शिकवल्यानंतर माझे मत असे बनले आहे की हे मापच चुकीचे आहे. जिथे वस्तू हाताळून पाहता येतात अशा विज्ञान केंद्रात मुलाला जे मिळते ते माहितीच्या जातीचे नसतेच. एखादी घटना आपण स्वतः घडवू शकतो, ती पुन्हा घडवू शकतो, तिच्यात थोडा फरक करून काय होते ते पाहू शकतो, आणि आपला अंदाज चुकला तर तो चुकल्याचे कुणी माणूस सांगत नाही, समोरची वस्तूच सांगते, हा तो अनुभव आहे. मी त्याला विज्ञानशिक्षणाचा गाभा मानतो. मात्र हा अनुभव येण्यासाठी वेळ लागतो, एकाच वस्तूपाशी रेंगाळावे लागते, आणि जवळच्या मोठ्या माणसाला थोडा वेळ गप्प बसावे लागते. विज्ञान केंद्रातली सहल वाया जाते हे पुष्कळदा खरे असते. ती मुलांच्या खेळकरपणामुळे वाया जात नाही, आम्हा मोठ्यांच्या घाईमुळे जाते, आणि वादात नेमका हाच मुद्दा कुणी काढत नाही.

मी काय म्हणतो आहे ते एका प्रसंगाने स्पष्ट होईल. माझी भाची दहा वर्षांची असताना मी तिला एका विज्ञान केंद्रात घेऊन गेलो होतो. तिथे जाड दोरखंडाला लोखंडाचा एक मोठा गोळा टांगलेला होता, म्हणजे एक मोठा झुलणारा लोलकच, आणि दोऱ्याला बांधलेले एक छोटे चुंबक शेजारी ठेवलेले होते. चुंबक गोळ्याला चिकटवायचे आणि दोरा ओढून गोळा हलवायचा, एवढेच काम. तिने चुंबक लावले आणि जोराने हिसका दिला. चुंबक टपकन सुटले, गोळा जागचा हलला नाही. तिने पुन्हा लावले, पुन्हा हिसका दिला, पुन्हा सुटले. असे आठदहा वेळा झाले. मग बहुधा कंटाळूनच तिने दोरा अगदी हलकेच ओढला, आणि गोळा बोटभर सरकून मागे गेला. तो परत तिच्या दिशेने येऊ लागला तेव्हा तिने पुन्हा हलकेच ओढला. आता तिचे डोळे चुंबकावर नव्हते, गोळ्यावर होते. तो येण्याची वाट पाहायची, आला की ओढायचे, गेला की सोडायचे. काही मिनिटांत तो भला मोठा गोळा हातभर झुलू लागला. मुद्दाम चुकीच्या वेळी ओढले की तो मंदावतो, हेही तिने करून पाहिले. मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, “मामा, हा तर झोकाच आहे.”

या सगळ्याला वीसेक मिनिटे लागली. त्या वीस मिनिटांत तिला ‘अनुस्पंदन’ हा शब्द कळला नाही, आणि मी तो सांगितलाही नाही. पण जोरापेक्षा वेळ साधण्याला महत्त्व आहे, प्रत्येक झुलत्या वस्तूची स्वतःची एक लय असते आणि तिच्या लयीत दिलेला लहानसा धक्का साठत जातो, हे तिच्या मनगटाला कळले. नागपंचमीला झाडाला बांधलेला झोका आणि दालनातला लोखंडी गोळा एकच आहेत, हे तिने आपल्या आपण जोडले. प्रश्नावलीत या कामगिरीला किती गुण द्यायचे? त्याच वीस मिनिटांत आमच्या शेजारून निदान तीन कुटुंबे पुढे गेली. प्रत्येक कुटुंबातल्या एखाद्या मुलाने दोरा हातात घेतला, एक हिसका दिला, आणि मागून हाक आली: चल, अजून वरचा मजला राहिलाय. ती मुले लोलकापाशी होती असे हजेरीत लिहिता येईल. पण त्यांनी लोलक पाहिला असे म्हणता येईल का?

हा आरोप मी इतरांवर करून स्वतः नामानिराळा राहू इच्छित नाही. नोकरीच्या पहिल्या दहाबारा वर्षांत मी दोन एसटी गाड्या भरून मुले अशाच सहलींना नेली आहेत आणि त्यांच्या हाती तसेच वीस प्रश्नांचे कागद दिले आहेत. मुले काय करत असत ते मला आजही डोळ्यांसमोर दिसते. ती वस्तूकडे पाठ करून उभी राहत आणि शेजारच्या फलकावरची ओळ उतरवून घेत. एकाने उतरवले की बाकीचे त्याच्या कागदावरून उतरवत. वस्तूला हात लावायला कुणी थांबले तर गटप्रमुख ओरडत असे, कारण त्याच्या गटाचे प्रश्न मागे राहत. सगळे कागद भरून परत येत आणि मला समाधान वाटे. शाळेच्या फळ्यावरून उतरवून घेणाऱ्या मुलांना मी शंभर-सव्वाशे किलोमीटर दूर नेऊन दुसऱ्या फळ्यावरून उतरवून घ्यायला लावत होतो, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षे लागली.

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घ्यायला हवा. तो असा की, मुलांना मोकळे सोडले म्हणजे ती आपोआप विज्ञान शोधून काढतात, ही समजूत भाबडी आहे. हा आक्षेप केवळ चिडलेल्या पालकांचा नाही. किर्श्नर, स्वेलर आणि क्लार्क या तीन अभ्यासकांनी २००६ साली एक बहुचर्चित शोधनिबंध लिहून असे मांडले की नवशिक्याला फारसे मार्गदर्शन न करता शिकायला सोडणे ही कमकुवत पद्धत आहे. कारण माणसाची तात्पुरती स्मृती फार थोडे ओझे पेलते आणि काय पाहायचे हेच ज्याला ठाऊक नाही त्याची सगळी शक्ती चाचपडण्यात खर्च होते. मला हे पटते. न्यूटनला जे सुचायला आधीच्या अनेक पिढ्यांची तयारी लागली ते सातवीच्या मुलाला दोरा ओढून सुचेल, असे मानणे हा मुलावरच अन्याय आहे. शिवाय हाताने केलेल्या प्रयोगातून चुकीचा निष्कर्षही निघू शकतो. पुष्कळ विज्ञान केंद्रांत दोन नरसाळी तोंडाला तोंड लावून जोडल्यासारखा दिसणारा एक दुहेरी शंकू असतो. एका टोकाला जवळ आणि दुसऱ्या टोकाला दूर गेलेल्या, चढत्या रुळांवर तो ठेवला की चढावाच्या दिशेने आपण होऊन घरंगळत जातो. मूल ते पाहते आणि घरी येऊन सांगते की तिथे एक वस्तू उलटी, वर जाते. त्याला कुणी काहीच विचारले नाही, तर निसर्गाचा नियम इथे मोडला, एवढेच त्याच्या मनात राहील.

पण या आक्षेपातून निष्कर्ष काय काढायचा? ज्या शिकवण्याची ते अभ्यासक बाजू घेतात, ते संकल्पना शिकवण्याचे काम आहे. ते शाळेनेच करायचे आणि नीट, पायरीपायरीने करायचे. विज्ञान केंद्र त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि ते घेते असा दावा करणाऱ्या उत्साही समर्थकांनी या वादाचे बरेच नुकसान केले आहे. पण संकल्पना ज्याविषयी असते ती गोष्ट मुलाने आधी अनुभवलेली असावी लागते. ज्याने पोळीच खाल्ली नाही त्याला पोळी मऊ का होते हे समजावून काय उपयोग? आमच्या वर्गात अनुस्पंदनाची व्याख्या पाठ असलेली मुले डझनावारी असत, आणि ती व्याख्या कशाची आहे हे विचारले तर गप्प होत. दुसरे असे की, मार्गदर्शन म्हणजे व्याख्यानच असावे लागत नाही. चांगल्या रीतीने रचलेली वस्तू स्वतःच मार्गदर्शन करते. त्या लोलकाचे चुंबक मुद्दाम कमी ताकदीचे ठेवलेले असते, म्हणूनच जोर फुकट जातो आणि मुलाला दुसरी वाट शोधावी लागते. आणि त्या शंकूपाशी मोठ्या माणसाने एकच वाक्य बोलायचे असते: जरा खाली वाकून, डोळे रुळांच्या पातळीला आणून पाहा बरे. वाकून पाहिले की दिसते, रूळ चढत असले तरी ते फाकत जातात, त्यामुळे शंकू त्यांच्यामध्ये खाली खाली बसत जातो आणि त्याचा मध्य प्रत्यक्षात उतरत असतो. मूल स्वतः हे पाहते तेव्हा त्याच्या तोंडून जो उद्गार निघतो, तो फलक वाचून कधी निघत नाही.

या संस्था कुठून आल्या ते आठवले तरी वादाची पातळी थोडी वर जाईल. आपल्याकडे संग्रहालयाला पूर्वी लोक अजबखाना म्हणत. भायखळ्याचे संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले, ते राणीच्या बागेला लागून; वस्तू काचेआड, आणि पाहणाऱ्याने लांबून अचंबा करायचा. म्युनिकमध्ये ओस्कार फॉन मिलर यांनी उभारलेल्या आणि १९२५ साली आपल्या कायमच्या इमारतीत उघडलेल्या संग्रहालयाने प्रेक्षकाला यंत्रांचे दांडे फिरवू दिले, बटणे दाबू दिली. पुढची मोठी झेप १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये फ्रँक ओपेनहायमर यांनी घेतली. अणुबॉम्बमुळे प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे हे धाकटे बंधू. पूर्वीच्या राजकीय मतांमुळे त्यांना १९४९ साली विद्यापीठातली नोकरी गमवावी लागली. कित्येक वर्षे त्यांनी कोलोराडोत गुरे पाळली आणि मग तिथल्या एका लहान गावाच्या शाळेत ते विज्ञान शिकवू लागले. एक्स्प्लोरेटोरियम ही त्यांची संस्था त्या गावच्या वर्गातून उगवलेली आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तिथे वस्तू बनवण्याचा कारखाना प्रेक्षकांच्या नजरेसमोर ठेवलेला होता, आणि दालनांत मदतीला उभी असत ती माध्यमिक शाळेच्या वयाची मुले. आपल्याकडे कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक संग्रहालय त्याहून दहा वर्षे आधी, १९५९ साली सुरू झाले होते. मुंबईत वरळीला आंतरराष्ट्रीय बालवर्षात, १९७९ साली, उघड्या आकाशाखाली विज्ञान उद्यान उभे राहिले, आणि १९८५ साली नेहरू विज्ञान केंद्र पूर्ण स्वरूपात खुले झाले. पुढे १९९२ साली नागपूरला रामन विज्ञान केंद्र आले, २००१ साली पणजीजवळ मिरामारला गोव्याचे केंद्र आले. ‘हात लावू नये’ या पाटीपासून ‘हात लावून पाहा’ या पाटीपर्यंतचा हा प्रवास आहे.

आणि हात लावणे ही आपल्या समाजात कधीच साधी गोष्ट नव्हती. ज्ञान तोंडी, पाठांतराने टिकवायचे आणि त्याला मान द्यायचा. हातांचे ज्ञान मात्र सुताराकडे, लोहाराकडे, कुंभाराकडे, चांभाराकडे ठेवायचे आणि त्याला खालची पायरी द्यायची, अशी आपली शतकानुशतकांची वाटणी होती. प्रफुल्लचंद्र राय यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिताना या देशातल्या विज्ञानाच्या ऱ्हासाचे एक कारण म्हणून नेमके यावर बोट ठेवले: बुद्धिजीवी वर्ग कारागिरीपासून दूर गेला आणि कारागिरांना विद्येपासून दूर ठेवले गेले. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान असावे, अशी मागणी केली होती. तिच्यामागेही ही वाटणी मोडण्याचीच तळमळ होती. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाडी चालवली, तेव्हा महागड्या परदेशी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे मुलांच्या हाती दिले. या परंपरेत पाहिले म्हणजे विज्ञान केंद्रातला कप्पीचा दोर ही करमणुकीची वस्तू वाटेनाशी होते. खुर्चीत बसून दोर ओढत स्वतःला वर उचलणारी मुलगी बुद्धीचे काम हातांनी करत असते. एका कप्पीच्या खुर्चीपेक्षा तीन कप्प्यांच्या खुर्चीत जोर कमी लागतो, पण दोर कितीतरी जास्त ओढावा लागतो, हे तिच्या तळहातांना समजते. तिच्या आजीच्या विहिरीवरचा रहाट तिने पाहिला असेल तर ती आणखी पुढे जाऊन विचारेल की तिथे एकच चाक असूनही सोपे का वाटायचे. खाली ओढणे वर ओढण्यापेक्षा शरीराला सोयीचे असते, एवढेच त्याचे उत्तर. पण तो प्रश्न पडणे ही कितीतरी मोठी गोष्ट आहे.

विरोधकांचा दुसरा मुद्दा मला पहिल्याहून अधिक बोचतो. वरळीचे केंद्र गडचिरोलीतल्या भामरागडच्या मुलाच्या काय कामाचे? जो पैसा एका भव्य इमारतीत घातला त्यात किती शाळांच्या प्रयोगशाळा झाल्या असत्या? यात तथ्य आहे आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवे. विज्ञान केंद्रे मोठ्या शहरांत आहेत, तिथवरचा प्रवासखर्च कित्येक पालकांना परवडत नाही, आणि सहलीला न येणारी मुले बहुधा तीच असतात ज्यांच्या घरी पुस्तकेही नसतात. पण प्रयोगशाळा असली म्हणजे प्रयोग होतात, हे गृहीत धरण्यापूर्वी एकदा शाळांच्या कपाटांकडे पाहावे. भिंगे, चुंबके, विद्युतघट यांची कपाटे कुलूपबंद असतात, कारण प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेली असते आणि फुटली तर तिचे निर्लेखन करून घेण्यासाठी, म्हणजे ती नोंद कमी करून घेण्यासाठी, शिक्षकाला कागदोपत्री जी दगदग करावी लागते ती मी स्वतः केली आहे. शिक्षक वाईट नसतो, तो भ्यालेला असतो. पैसा शाळेकडे वळवला तरी ही भीती गेल्याशिवाय मुलांच्या हाती काही पडणार नाही. विज्ञान केंद्रात वस्तू फुटणार, झिजणार हे आधीच धरलेले असते, आणि ही वृत्तीच तिथून शाळेत आणण्याजोगी आहे.

शिवाय दूरच्या मुलांपर्यंत पोहोचण्याचे मार्ग आपल्याला ठाऊक नाहीत असेही नाही. कोलकात्याच्या संग्रहालयाने १९६५ सालीच फिरते विज्ञान प्रदर्शन गावोगावी न्यायला सुरुवात केली होती. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात सरकारी शाळांतली मुले गटागटाने वर्गात प्रयोग करत आणि परीक्षेला पुस्तक उघडे ठेवून बसत. तीस वर्षे चाललेला तो कार्यक्रम २००२ साली सरकारने बंद केला, ही माझ्या मते आपल्या शिक्षणाच्या इतिहासातली एक मोठी हानी आहे. त्याच कार्यक्रमात काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांच्यापासून आकृत्या जोडायला शिकवणारे अरविंद गुप्ता पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत दशकभर काम करत राहिले आणि टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी त्यांनी सर्वांसाठी मोफत उपलब्ध करून दिली. मोठे केंद्र की गावची शाळा, असा हा झगडा लावणे म्हणूनच मला पटत नाही. जिल्ह्याचे ग्रंथालय असावे म्हणून कुणी घरातली पुस्तके विकायला सांगत नाही. माणूस बसू शकेल एवढी कप्पीची खुर्ची प्रत्येक शाळेत होणार नाही. पण रिकामे रीळ आणि सुतळी प्रत्येक शाळेत येऊ शकते, आणि खुर्चीत बसून आलेल्या मुलाला त्या रिळाचा अर्थ अधिक लवकर लागतो.

तिसरा युक्तिवाद अलीकडचा आहे. हे सगळे आता मोबाईलच्या पडद्यावर दिसते, मग एवढा खटाटोप कशाला? उत्तम चित्रफितीचे मोल मी कमी लेखत नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी मुलांसाठी मेणबत्तीच्या ज्योतीवर दिलेली व्याख्यानेही श्रोत्यांनी बसून ऐकायचीच होती, आणि ती विज्ञानाच्या इतिहासात अमर झाली. पण त्या फॅरडेंचे स्वतःचे काय? पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या या तरुणाने १८१२ साली रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे काढली, आणि त्याच वर्षी अर्ध्या पेनीची नाणी, जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद एकावर एक रचून स्वतःचा विद्युतघट बनवला. ऐकलेले हातून काढल्याशिवाय त्याला चैन पडले नाही. पडद्यावरचा लोलक तो कार्यक्रम लिहिणाऱ्याने सांगितले तेवढेच करतो. तिथे चुंबक घसरत नाही, दोरा गुंतत नाही, शेजारच्या मुलाचा धक्का लागून लय बिघडत नाही. खरी वस्तू नकार देते, आणि तो नकार कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. आमच्या मुलांना नकार ऐकण्याची सवय आहे, पण तो नेहमी एखाद्या माणसाचा असतो: शिक्षकांचा, वडिलांचा, परीक्षकाचा. ज्या नकारापुढे वडील आणि मुलगी दोघेही सारखेच अडाणी असतात, असा नकार त्यांना कुठे मिळणार?

एका बाबतीत मात्र मी टीकाकारांच्या बाजूने उभा आहे आणि तिथे मला अजिबात तडजोड नको आहे. काही वर्षांपूर्वी एका केंद्रात मी मुलांसोबत गेलो तेव्हा पहिल्याच दालनात ओळीने चार वस्तूंवर ‘दुरुस्तीसाठी बंद’ असे कागद चिकटवलेले होते, आणि कागद पिवळे पडले होते. ज्यांवर कागद नव्हता त्यांतल्याही काहींचे बटण दाबून काहीच होत नव्हते. यातून मुलाला काय कळते? आपण काही केले तरी समोर फरक पडत नाही, हेच. हाताळून पाहण्याच्या संग्रहालयाने द्यायच्या धड्याच्या हे नेमके उलटे आहे. त्यापेक्षा काचेआडची वस्तू बरी. ती निदान कसले वचन तरी देत नाही. नव्या दालनाच्या उद्घाटनाला निधी मिळतो, फोटो छापून येतात, आणि जुन्या दालनातले बेअरिंग बदलायला माणूस मिळत नाही. विज्ञान केंद्रात वस्तू किती आहेत हे विचारण्याऐवजी आज सकाळी त्यांतल्या किती चालू होत्या, हे पालकांनी आणि वृत्तपत्रांनी विचारायला सुरुवात केली पाहिजे. दुरुस्तीचे काम मागच्या खोलीत लपवण्याऐवजी सर्वांसमोर करावे. उघडलेले यंत्र आणि त्यात हात घातलेला तंत्रज्ञ हे मुलांसाठी कुठल्याही वस्तूहून चांगले दालन आहे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी सहलीची पद्धत बदलली. आदल्या आठवड्यात स्वतः जाऊन कोणत्या वस्तू चालू आहेत ते पाहून येत असे. मुलांना कागद द्यायचा नाही. प्रत्येकाने फक्त तीन वस्तू निवडायच्या आणि त्यांच्यापाशी मन भरेपर्यंत थांबायचे, बाकीच्या राहिल्या तर राहू द्यायच्या. सोबतच्या शिक्षकांना एकच विनंती असे, की उत्तर सांगू नका; फार तर विचारा, आता काय होईल असे वाटते? मुख्याध्यापकांना हे पसंत नव्हते. पन्नासातल्या तीनच वस्तू पाहून मुले परत आली तर पालकांना काय सांगायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याला देण्यासारखे आकडे नव्हते.

त्यांतल्या एका सहलीनंतर दुसऱ्याच दिवशी सातवीतला एक मुलगा, जो वर्गात सहसा बोलत नसे, प्लास्टिकची दोन नरसाळी चिकटपट्टीने तोंडाला तोंड लावून जोडून घेऊन आला. खराट्याच्या दोन दांड्या त्याने बाकावर फाकवून ठेवल्या, रुंद टोकाखाली चार पुस्तके सरकवली आणि शंकू अरुंद टोकाला ठेवला. तो तिथेच बसून राहिला. मुले हसली. एकाने पुस्तके वाढवायला सांगितली, तेव्हा तो उलटा खाली घरंगळला. मग कुणीतरी उलट सुचवले, पुस्तके काढा. दोन काढली, एक काढले, दांड्या आणखी फाकवल्या, मग इतक्या फाकवल्या की शंकू मधून खालीच पडला. त्या तासाला मला ध्वनीचा धडा घ्यायचा होता, तो मी घेतला नाही. मुले बाकाभोवती गुडघे टेकून, डोळे दांड्यांच्या पातळीला आणून बसली होती. घंटा झाली तेव्हा शंकू अजून चढत नव्हता. मधल्या सुट्टीत डबे उघडायचे सोडून ती पुन्हा तिथेच जमली, आणि सुट्टी संपायच्या सुमारास वर्गातून जो आरडाओरडा ऐकू आला त्यावरून तो चढल्याचे मला शिक्षकखोलीत बसल्या जागी कळले.